वय वाढलं की रक्तातली प्रथिनं कमी होणारच का? (बाबांचं अल्ब्युमिन ३.४)

मोगरीचा_वेल · ४ फेब्रुवारी, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी. बाबा ७३ वर्षांचे आहेत. पुण्यात राहतात, रोज सकाळी पर्वती चढून उतरतात, बीपीची एक गोळी सोडली तर कुठलं औषध नाही. गेल्या आठवड्यात आमच्या आग्रहाखातर त्यांनी सगळ्या रक्ततपासण्या करून घेतल्या. साखर, थायरॉइड, क्रिएटिनिन, लिव्हरची एन्झाइम्स, सगळं जागच्या जागी. बाण आहे तो एकाच ठिकाणी:

टोटल प्रोटीन ६.८, अल्ब्युमिन ३.४ (मर्यादा ३.५ ते ५.२), ग्लोब्युलिन ३.४, ए/जी रेशो (अल्ब्युमिन भागिले ग्लोब्युलिन) १.०.

लॅबकडून फोनवर सांगितलं, "वयानं होतं असं, प्रोटीन पावडर सुरू करा." भाऊ त्याच संध्याकाळी डबा घेऊन आला. बाबांनी डब्यावरची किंमत वाचली आणि म्हणाले, "एवढ्यात वर्षाचे शेंगदाणे येतील." तेव्हापासून डबा फ्रिजवर आहे आणि घरात दोन पक्ष पडलेत.

मला खरंच जाणून घ्यायचंय. धडधाकट माणसाची रक्तातली प्रथिनं वयानुसार कमी होतात का, आणि होत असतील तर किती? ३.४ ला "वय झालं" म्हणून सोडून द्यायचं का?

बोरकूट · ४ फेब्रुवारी, रात्री ९.३२

माझ्या सासऱ्यांचं गेली दोन वर्षं ३.५ च्या आसपासच आहे. ८१ वय. डॉक्टर काही बोलले नाहीत. काळजी करू नका ताई.

काचपट्टी · ४ फेब्रुवारी, रात्री ११.०५

मी पॅथॉलॉजिस्ट आहे, नाशिकला. थोडं सविस्तर लिहिते, कारण "वयानं होतं" हे वाक्य दिवसातून चार वेळा ऐकते आणि ते अर्धंच खरं आहे.

रिपोर्टमधलं टोटल प्रोटीन म्हणजे मुख्यत्वे दोन हिस्से. एक अल्ब्युमिन. हे एकच प्रथिन आहे आणि ते फक्त यकृतात तयार होतं, दिवसाला साधारण १० ते १५ ग्रॅम. रक्तातलं पाणी रक्तवाहिन्यांच्या आत धरून ठेवणं हे त्याचं मोठं काम. ते फार उतरलं की पायावर सूज येते ती त्यामुळेच. शिवाय कॅल्शियम, बिलिरुबिन, कितीतरी औषधं यांची वाहतूक तेच करतं. दुसरा हिस्सा ग्लोब्युलिन. हे एक प्रथिन नाही, शेकडो प्रथिनांचं गाठोडं आहे, त्यात रोगाशी लढणारी अँटिबॉडीजही आल्या. लॅब ते सहसा मोजत नाही. टोटलमधून अल्ब्युमिन वजा केलं की उरेल ते ग्लोब्युलिन.

आता वय. विशीत अल्ब्युमिन सगळ्यात जास्त असतं. मग हळूहळू उतरत जातं, पण उतार इतका मंद की एका दशकात दशांशाच्या पहिल्या घरात एखाद्या आकड्याचा फरक. ग्लोब्युलिन थोडं वर सरकतं. म्हणून टोटल प्रोटीन जवळपास तसंच राहतं आणि ए/जी रेशो मात्र घटतो. विशीत ४.६ असलेला माणूस निरोगी राहिला तर सत्तरीत ४.१ किंवा ४.० वर असणं मला अजिबात खटकणार नाही.

३.४ खटकतं.

पण एका आकड्यावरून मी काही बोलणार नाही. जुने रिपोर्ट आहेत का घरात? असतील तर इथे टाका, तारखांसकट.

डंबेल्स_आणि_डाळ · ५ फेब्रुवारी, सकाळी ७.१५

शेंगदाण्यांबद्दल पूर्ण आदर ठेवून म्हणतो, पावडर द्या. शाकाहारी घरात प्रोटीन कमीच पडतं. माझे वडील रोज एक स्कूप घेतात, सहा महिन्यांत जिना चढताना फरक पडला.

वरण_भात_तूप · ५ फेब्रुवारी, सकाळी १०.४०

मी आहारतज्ज्ञ आहे, कोल्हापूर. डंबेल्स, जिना चढताना फरक पडला हे मान्य, पण तो स्नायूंचा फरक आहे. रक्तातलं अल्ब्युमिन आणि ताटातलं प्रथिन यांचा लोक समजतात तसा सरळ संबंध नाही.

आमच्या शिक्षणात अल्ब्युमिन हा कुपोषणाचा मापक म्हणून शिकवला गेला. आता ते मागे पडलंय. अमेरिकेतल्या पोषणतज्ज्ञांच्या 'ॲस्पेन' या संस्थेनं २०२० मध्ये स्पष्ट भूमिका घेतली की अल्ब्युमिन आणि प्रीअल्ब्युमिन हे शरीरातल्या दाहाचे निदर्शक आहेत, पोषणाचे नव्हेत. जेवण जवळपास सोडलेल्या, हाडाची काडं झालेल्या ॲनोरेक्सियाच्या तरुण मुलींचं अल्ब्युमिन बरेचदा नॉर्मल येतं. आणि भरपूर खाणाऱ्या धडधाकट माणसाला न्यूमोनिया झाला की आठवड्यात ते घसरतं.

तरी वयस्करांनी प्रथिनं नीट खावीत हे मी रोज सांगते, पण त्याचं कारण स्नायू आहेत. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२० च्या शिफारशीत प्रौढांसाठी किलोमागे ०.८३ ग्रॅम आहे. पासष्टीपुढच्यांसाठी २०१३ मध्ये 'प्रॉट-एज' या तज्ज्ञांच्या गटानं १.० ते १.२ सुचवलं. बाबांचं वजन ६२ धरलं तर ६२ ते ७४ ग्रॅम. ज्वारीच्या भाकरीत ३-४, घट्ट उसळीच्या वाटीत ७ च्या आसपास, पेलाभर दुधात ६-७, मूठभर शेंगदाण्यात ७-८. म्हणजे दोन्ही वेळा उसळ किंवा घट्ट वरण, दूध, दही, शेंगदाणे एवढं जमवलं तर डब्याशिवाय बरंचसं भागतं. मूत्रपिंड कमजोर असेल तर हे गणित बदलतं, तिथे डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाढवू नका.

डंबेल्स_आणि_डाळ · ५ फेब्रुवारी, सकाळी १०.५८

ॲनोरेक्सियाचं माहीत नव्हतं. वडिलांचं अल्ब्युमिन काढून पाहिलं, पावडरच्या आधी ४.१ आणि नंतर ४.१. माझा मुद्दा मागे घेतो, स्कूप चालू ठेवतो.

मोगरीचा_वेल · ५ फेब्रुवारी, रात्री ८.४५

काचपट्टी, बाबा बँकेत होते. त्यांच्याकडे प्रत्येक कागद फाइलला आहे. हे घ्या:

२०१३: अल्ब्युमिन ४.४, ग्लोब्युलिन २.७
२०१७: ४.३, २.८
२०२१: ४.२, २.९
गेल्या वर्षी मार्च: ४.२, २.९
आत्ता: ३.४, ३.४

२०१३ ची लॅब वेगळी, बाकी सगळ्या एकाच ठिकाणच्या.

काचपट्टी · ५ फेब्रुवारी, रात्री ९.२०

धागा सुरू करून तुम्ही फार चांगलं केलंत.

२०१३ ते गेल्या मार्चपर्यंतच्या ओळी पुन्हा वाचा. बारा वर्षांत ४.४ वरून ४.२. ग्लोब्युलिन २.७ वरून २.९. निरोगी माणसात वय असं दिसतं. पुस्तकात छापावा इतका सुरेख उतार आहे.

आणि मग अकरा महिन्यांत ०.८ ची घसरण. निरोगी माणसाचं अल्ब्युमिन दिवसागणिक फार हलत नाही, स्वतःच्या सरासरीच्या दोन-तीन टक्क्यांत खेळतं. ही घसरण वयाच्या नावावर टाकता येणार नाही. तिला काहीतरी कारण आहे. ते अगदी किरकोळही असू शकतं, पण शोधायला हवं.

विचारा: गेल्या महिन्या-दीड महिन्यात ताप, खोकला, जुलाब, कुठे जखम? लघवीला फेस येतो का? पायावर सूज? वजन उतरलंय? रक्त पडून दिलं की बसून? आणि लघवीतलं प्रथिन, सीआरपी (शरीरात कुठे दाह असला की वाढणारं प्रथिन), सिरम प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस (रक्तातली प्रथिनं वेगवेगळी करून आलेखात दाखवणारी तपासणी) एवढं करून घ्या. डॉक्टरांना दाखवून, नुसतं माझ्या सांगण्यावरून नको.

पिपेटकाका · ५ फेब्रुवारी, रात्री १०.५०

पडून की बसून हा प्रश्न वाचून बरं वाटलं. छत्तीस वर्षं सरकारी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काढली. हा प्रश्न विचारणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके भेटले.

माणूस उभा राहिला की रक्तातलं पाणी थोडं ऊतींमध्ये उतरतं. प्रथिनं आकारानं मोठी, ती मागे राहतात, म्हणून रक्तात त्यांचं प्रमाण वाढतं. आडवा झाला की उलट. या दोन्हीत अल्ब्युमिनचा फरक दहा टक्क्यांच्या घरात जाऊ शकतो. म्हणजे चालत आलेल्या माणसाचं ४.० आणि रात्रभर वॉर्डात झोपलेल्या त्याच माणसाचं ३.६. आजारी कोणीच नाही! दंडाला पट्टा बांधून शीर सापडेपर्यंत दोन-तीन मिनिटं गेली तरी आकडा फुगतो. आमच्याकडे नव्यानं आलेल्या मुलांना मी पहिल्या दिवशी हेच सांगायचो, शीर दिसली की पट्टा सोड.

रंगाची गोष्ट सांगतो. टोटल प्रोटीनला बाययुरेट. निळं द्रावण, त्यात सिरम (रक्त गोठल्यावर वर उरणारं पाणी) टाकलं की जांभळं होतं, जितकं प्रथिन तितकं गडद. अल्ब्युमिनला ब्रोमोक्रेसॉल ग्रीन. पिवळा रंग, अल्ब्युमिन भेटलं की हिरवा-निळा. पण हा रंग थोडासा ग्लोब्युलिनलाही चिकटतो, त्यामुळे अल्ब्युमिन कमी असलेल्या रुग्णात आकडा खऱ्यापेक्षा जरा जास्त दाखवतो. ब्रोमोक्रेसॉल पर्पल वापरणाऱ्या लॅबचा आकडा त्याहून कमी येतो. म्हणून दोन लॅबची तुलना करताना जपून. मोगरीताईंनी लॅब एकच आहे हे लिहिलं, ते महत्त्वाचं.

काचपट्टी · ५ फेब्रुवारी, रात्री ११.०२

काका, तुमच्यासारखे तंत्रज्ञ होते म्हणून आमचे रिपोर्ट बरोबर येत होते. _/\_

दूरदेशी · ६ फेब्रुवारी, सकाळी ६.३०

मी मूळची साताऱ्याची, सध्या बोस्टनला. प्लाझ्मातल्या प्रथिनांवरच काम करते, त्यामुळे राहवत नाही.

अल्ब्युमिन आणि ग्लोब्युलिन हे दोन आकडे झाले. आता एका थेंबातली हजारो प्रथिनं एकाच वेळी मोजता येतात आणि "निरोगी माणसात वयानुसार काय बदलतं" हा मोगरीताईंचा प्रश्न त्यांच्यावर नीट विचारला गेलाय. २०१८ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑन एजिंगच्या गटानं २२ ते ९३ वयाच्या २४० माणसांच्या रक्तातली १,३०१ प्रथिनं मोजली. माणसं मुद्दाम काटेकोरपणे निवडलेली, मोठा आजार नसलेली. त्यांतली २१७ प्रथिनं वयाशी जोडलेली निघाली. मला सगळ्यात रोचक वाटलं ते हे की त्यांतली १९७ वयाबरोबर वाढणारी होती आणि फक्त २० कमी होणारी! म्हातारपण म्हणजे सगळं आटत जाणं, ही आपली समजूत रक्ताला लागू पडत नाही.

सगळ्यात ठळक वाढ जीडीएफ-१५ नावाच्या प्रथिनाची. पेशींवर ताण आला की ते सुटतं.

पुढच्याच वर्षी, २०१९ मध्ये, स्टॅनफर्डच्या गटानं १८ ते ९५ वयाच्या ४,२६३ लोकांत २,९२५ प्रथिनं पाहिली. त्यांना दिसलं की बदल एकसारख्या वेगानं होत नाहीत. लाटा येतात, चौतिशी, साठी आणि अठ्ठ्याहत्तरीच्या सुमारास. प्रत्येक लाटेत बदलणारी प्रथिनं बरीचशी वेगळी. ३७३ प्रथिनांवरून त्यांना माणसाचं वय बऱ्यापैकी अचूक ओळखता आलं.

चाफेकळी९१ · ६ फेब्रुवारी, सकाळी ९.०५

पुढच्या महिन्यात मी ३४ पूर्ण करतेय. लाटेला सामोरी जायला साडी कुठली नेसू? :)

दूरदेशी · ६ फेब्रुवारी, सकाळी ९.१२

पैठणी! पण तारीख ठरलेली नसते, तो हजारो लोकांच्या सरासरीचा उंचवटा आहे. वाढदिवस मजेत साजरा करा.

शंकानिरसन · ६ फेब्रुवारी, दुपारी १२.४०

दूरदेशी, माहिती उत्तम, पण एक आक्षेप नोंदवतो. मी संख्याशास्त्र शिकवतो. हे दोन्ही अभ्यास एकाच वेळी वेगवेगळ्या वयाची वेगवेगळी माणसं बघतात. आजचा ९० वर्षांचा माणूस आणि आजचा ३० वर्षांचा यांचं बालपण, खाणं, लसी, रोगराई सगळं वेगळं. त्यांच्या रक्तातला फरक वयाचा की पिढीचा, हे यातून कसं कळणार? शिवाय ९३ व्या वर्षी "निरोगी" म्हणून निवडला गेलेला माणूस मुळातच असामान्य. ज्यांची प्रथिनं वाईट दिशेला गेली ते तिथवर पोचलेच नाहीत, मोजणीत आलेच नाहीत. म्हणजे निरोगी माणसातला उतार खऱ्यापेक्षा सौम्य दिसणार.

आणि "तुमच्या रक्ताचं खरं वय सांगतो" म्हणून चाचण्या विकल्या जातात त्यावर माझा राग आहे. गटाची सरासरी एका माणसाच्या कपाळावर चिकटवता येत नाही.

दूरदेशी · ६ फेब्रुवारी, संध्याकाळी ७.५०

दोन्ही आक्षेप बरोबर आहेत, सर, आणि आम्हीही त्यांच्याशी झगडतो. म्हणूनच तीच माणसं वर्षानुवर्षं तपासत राहणारे अभ्यास मोलाचे. बाल्टिमोरचा एक अभ्यास १९५८ पासून चालू आहे. लोक ठरावीक काळानं परत येतात, रक्त देतात, चालून दाखवतात. (सुरुवातीची वीस वर्षं त्यात फक्त पुरुष होते, स्त्रिया १९७८ पासून आल्या. हे मी प्रत्येक विद्यार्थ्याला सांगते.) मी वर सांगितलेल्या २४० जणांतले बरेच तिथलेच, पण त्या विश्लेषणात प्रत्येकाचं एकदाच घेतलेलं रक्त आहे, तेव्हा तुमचा मुद्दा तिथेही लागू.

चाचण्यांबद्दल सहमत. संशोधनाला उपयोगी, घरगुती निर्णयाला नाही.

पण मोगरीताईंच्या बाबांची फाइल बघा. तोच माणूस, जवळपास तीच लॅब, बारा वर्षं. आमच्यासारख्यांना हेच हवं असतं.

शंकानिरसन · ६ फेब्रुवारी, रात्री ८.१५

अगदी. माणसाची तुलना त्याच्याशीच. लॅबची मर्यादा म्हणजे निरोगी समजल्या गेलेल्या लोकांतले मधले ९५ टक्के. म्हणजे वीस निरोगी माणसांतलं एक व्याख्येनंच बाहेर पडतं. आणि उलटंही होतं. बाबांचं अल्ब्युमिन ३.६ आलं असतं तर बाण आला नसता, कुणी पाहिलं नसतं, आणि ४.२ वरून ३.६ हीसुद्धा मोठी घसरण होती.

हळद_कुंकू · ६ फेब्रुवारी, रात्री ९.४०

थोडं विषयांतर. सासूबाई ७८, ईएसआर ३८ आला. दरवेळी कुणीतरी टीबीची भीती घालतं. हेही वयाचं असतं का?

काचपट्टी · ६ फेब्रुवारी, रात्री १०.१०

विषयांतर नाही, सख्खा भाऊ आहे. ईएसआर म्हणजे तांबड्या पेशी नळीत तासाभरात किती मिलिमीटर खाली बसतात ते. फायब्रिनोजेन आणि ग्लोब्युलिन जास्त असली की पेशी एकमेकींना चिकटून नाण्यांसारख्या चवडी होतात आणि लवकर बसतात. ही दोन्ही वयानुसार वाढतात, म्हणून ईएसआरही वाढतो. १९८३ मध्ये एक सोपं सूत्र मांडलं गेलं, आजही आम्ही वापरतो: पुरुषांची वरची मर्यादा वय भागिले दोन, स्त्रियांची वयात दहा मिळवून भागिले दोन. सासूबाईंचं ८८ भागिले २, म्हणजे ४४. ३८ त्याच्या आत आहे. खोकला, ताप, वजन उतरणं यांतलं काही नसेल तर नुसत्या त्या आकड्यावर टीबीची भीती घालू नये.

हळद_कुंकू · ६ फेब्रुवारी, रात्री १०.१८

आज रात्री सासूबाई झोपतील. आणि मीही. मनापासून आभार.

तांबडा_रस्सा · ७ फेब्रुवारी, दुपारी ३.२५

मोगरीताई, इलेक्ट्रोफोरेसिस टाळू नका, म्हणून लिहितो. आईचं टोटल प्रोटीन ८.४ आलं होतं. आम्ही खूष, की वाढलंय म्हणजे तब्येत चांगली. फॅमिली डॉक्टरांनी मात्र अल्ब्युमिन नॉर्मल आणि ग्लोब्युलिन जास्त हे पाहून ही तपासणी लिहिली. सिरमचा थेंब विजेच्या प्रवाहात ठेवला की प्रथिनं धावतात, अल्ब्युमिन सगळ्यात पुढे, अँटिबॉडीज मागे. आईच्या आलेखात मागच्या बाजूला एक टोकदार सुळका होता. एकाच जातीच्या पेशींनी तयार केलेली एकच अँटिबॉडी. एमजीयूएस म्हणतात त्याला.

ती रात्र कशी काढली ते आमचं आम्हाला माहीत. मग हिमॅटॉलॉजिस्टनी (रक्तविकारतज्ज्ञांनी) शांतपणे सांगितलं की पन्नाशीपुढच्या साधारण तीन टक्के लोकांत हे सापडतं, सत्तरीपुढे पाच टक्क्यांच्या आसपास, आणि त्यांतल्या शंभरातल्या एकाच्या बाबतीत दरवर्षी ते पुढच्या आजाराकडे, मुख्यतः मायलोमा या रक्ताच्या कर्करोगाकडे, सरकतं. म्हणून लक्ष ठेवायचं. आठ वर्षं झाली. दर दिवाळीनंतर तपासणी. सुळका तेवढाच आहे. आई आता ७९, कालच तिनं आंब्याच्या लोणच्याचा मसाला कुटला.

वरण_भात_तूप · ७ फेब्रुवारी, दुपारी ३.५०

वाचून डोळे भरले. आईंना नमस्कार सांगा.

गोळ्यांची_डबी · ७ फेब्रुवारी, संध्याकाळी ६.००

फार्मसीवाला म्हणून दोन गोष्टी. एक, रक्तातलं निम्म्याच्या आसपास कॅल्शियम प्रथिनांना, मुख्यतः अल्ब्युमिनला चिकटलेलं असतं, त्यामुळे अल्ब्युमिन उतरलं की रिपोर्टमधलं एकूण कॅल्शियमही कमी दिसतं. घाबरून गोळ्या सुरू करण्याआधी डॉक्टरांना दोन्ही आकडे दाखवा. दोन, फिट्सची फेनिटॉइन घेणारे ज्येष्ठ घरात असतील तर अल्ब्युमिनकडे लक्ष हवं. चिकटायला अल्ब्युमिन कमी असलं की मोकळं औषध जास्त राहतं आणि रक्तातली एकूण पातळी बरोबर दिसूनही माणूस झोकांड्या खाऊ शकतो.

मोगरीचा_वेल · ११ फेब्रुवारी, रात्री १०.३०

डॉक्टरांकडे जाऊन आलो. लघवी स्वच्छ, प्रथिन नाही. सीआरपी ३८, म्हणजे बरंच वाढलेलं. इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये सुळका नाही, अल्ब्युमिनचा डोंगर बुटका आणि अल्फा भाग उंच. रक्त बसूनच दिलं होतं.

सीआरपी बघून डॉक्टरांनी बाबांना विचारलं, "कुठे दुखतंय?" बाबा म्हणाले, "कुठे नाही." आई शेजारीच होती. ती म्हणाली, "दाढ सांगा."

तेव्हा कळलं. जानेवारीच्या सुरुवातीपासून खालची दाढ ठणकत होती, हिरडीला पू होता, आणि बाबा लवंगेच्या तेलाचा बोळा ठेवून, एका बाजूनं चावून, पर्वती चढत होते. भाकरी दुधात भिजवून खायचे ते आम्हाला आवड वाटत होती. मी आठवड्यातून दोनदा भेटते त्यांना. माझ्या लक्षात आलं नाही, आणि त्याचं मला फार वाईट वाटतंय. वयाच्या नावानं ते ३.४ सोडून दिलं असतं तर आणखी किती दिवस त्यांनी असेच काढले असते कुणास ठाऊक.

काचपट्टी · ११ फेब्रुवारी, रात्री ११.००

वाईट वाटून घेऊ नका. आकड्यानं दार वाजवलं आणि तुम्ही उघडलंत.

काय झालं ते सांगते. शरीरात कुठे संसर्ग असला की यकृत उत्पादन बदलतं. सीआरपी, फायब्रिनोजेन, हॅप्टोग्लोबिन अशी लढाईची प्रथिनं वाढवतं आणि अल्ब्युमिन कमी करतं. शिवाय केशवाहिन्या पाझरू लागतात, म्हणून अल्ब्युमिन रक्तातून ऊतींमध्ये निघून जातं. आलेखात उंच दिसलेला अल्फा भाग म्हणजे तीच वाढलेली प्रथिनं, आणि ग्लोब्युलिन २.९ वरून ३.४ होण्यातही त्यांचा हात. पावडरीचा पूर्ण डबा खाल्ला असता तरी दाढ होती तोवर हे सुधारलं नसतं.

अल्ब्युमिनचं अर्धायुष्य वीस दिवसांच्या आसपास असतं. दाढेचा इलाज झाल्यावर लगेच तपासू नका, सहा आठवडे जाऊ द्या.

पिपेटकाका · १२ फेब्रुवारी, सकाळी ६.१५

बाबांना म्हणावं, मीही दोन वर्षं दाढ लपवली होती. बायकोनंच पकडलं.

बोरकूट · १२ फेब्रुवारी, सकाळी ८.४०

मी पहिल्या प्रतिसादात "काळजी करू नका" लिहून मोकळी झाले होते. सासऱ्यांचे २०१८ चे रिपोर्ट शोधले, तेव्हा ४.१ होतं. त्यांचे पायही संध्याकाळी सुजतात, आम्ही ते उन्हाळ्यावर ढकलत होतो. सोमवारी डॉक्टरांची वेळ घेतलीय, लघवीची तपासणीही सांगणार आहे.

काचपट्टी · १२ फेब्रुवारी, सकाळी ९.१०

नक्की जा. आणि इथे कळवा.

मोगरीचा_वेल · ३० मार्च, रात्री ९.००

उशिरा येतेय. १५ फेब्रुवारीला दाढ काढली. काल पुन्हा रक्त दिलं, तीच लॅब, सकाळी बसून: अल्ब्युमिन ४.१, ग्लोब्युलिन ३.०, सीआरपी २.

बाबांनी फाइलमधले सगळे आकडे काढून आलेखाच्या कागदावर पेन्सिलनं मांडलेत. सरळ मंद उतार, मध्ये एक खड्डा, पुन्हा उतार. खड्ड्याशेजारी त्यांनी बारीक अक्षरात "दाढ" लिहिलंय. डब्यातली पावडर भाऊ स्वतः घेतो, बाबांची उसळ दोन वाट्यांवर गेलीय.

आता ते आईच्या मागे लागलेत. तिचे रिपोर्ट फक्त २०१९ पासूनचे आहेत. बायकांचा उतारही असाच असतो का, असं त्यांनी मुद्दाम इथे विचारायला सांगितलंय.

काचपट्टी · ३० मार्च, रात्री ९.३५

४.१! किती आनंद झाला.

बायकांचा आलेख जरा वेगळा. तरुणपणी त्यांचं अल्ब्युमिन पुरुषांपेक्षा थोडं खालीच असतं, गरोदरपणात रक्तातलं पाणी वाढल्यानं आणखी उतरतं आणि नंतर भरून येतं. पुरुषांचं हळूहळू उतरत येतं, त्यामुळे साठीच्या आसपास दोघं जवळजवळ एका पातळीवर भेटतात. आईंचे २०१९ पासूनचे आकडे पुरेत, वेगळा कागद घ्यायला सांगा. आणि आधी तिला दाढा दुखतात का ते विचारा.

बोरकूट · ३१ मार्च, सकाळी ७.५०

सासऱ्यांच्या लघवीत प्रथिन निघालं. नेफ्रॉलॉजिस्टकडे (मूत्रपिंडाच्या डॉक्टरांकडे) उपचार सुरू झालेत, पायाची सूज उतरतेय. २०१८ चा कागद मी फ्रेम करून ठेवणार आहे.